गिरणगावातील नवी पेठ

वऱ्हाडचा कापूस ज्या लोहमार्गाने मुंबईस गेला, त्याच मार्गाने धामणगाव बढेचा प्रवासी मलकापुरास गाडी धरून लोअर परळ गाठतो, तेव्हा १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स गिरणीच्या आवारात, जेथे एके काळी साचे धडधडत, तेथे आज वस्त्रप्रावरणांची झगमगती दालने आणि देशोदेशींचे पदार्थ वाढणारी उपाहारगृहे त्याच्या दृष्टीस पडतात. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या व त्यांच्या जमिनींवर गगनचुंबी इमले उभे राहिले. सायंकाळी त्यांची दीपशोभा खरोखर भव्य दिसते. परंतु मला त्या वैभवाहून आवारात राखलेले गिरणीचे जुने धुराडे अधिक मोलाचे वाटते. खरेदीस जाणाऱ्या वऱ्हाडकरांनी ते अवश्य पाहावे.