हुरडा सगळ्यांचा, शिदोरीही सगळ्यांची

डिसेंबर सरत आला, पहाटे अंगावर दुसरी गोधडी घ्यावीशी वाटायला लागली, की आमच्या घरात एकच विषय असतो. 'यंदा हुरड्याला कधी जायचं?' सासर मंगळवेढ्याकडचं. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. मालदांडी भाकरीची, हुरड्यासाठी मात्र शेताच्या एका कडेला सुरती नाहीतर गूळभेंडीचे चार तास खास पेरलेले असतात. दाणा दुधातून बाहेर आलेला, पण अजून कडक न झालेला, असे मोजके आठ-दहा दिवस हुरड्याचे. ते हुकले की थेट पुढच्या वर्षी!

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हुरडा पार्टी म्हणजे पंचवीस-तीस माणसांचा मेळा असायचा. दीर, नणंदा, त्यांची मुलं, शिवाय 'ह्यां'चे ऑफिसातले मित्र. शेतात खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरमागरम हिरवे दाणे तोंडात टाकायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, रेवड्या, गोडीशेव, बोरं, हरभऱ्याचा डहाळा. ऐकायला किती छान!

पण त्या वेळी माझ्या सासूबाई कुठे असायच्या? शेतातल्या खोलीच्या मागे, चुलीपुढे. हुरड्यानं पोट भरत नाही असं पुरुषमंडळींचं ठाम मत. त्यामुळे भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा हे सगळं हवंच. आई भाकरी थापायच्या, मी आणि जाऊबाई भाजायचो, वाढायचो, उष्टी उचलायचो.

2009 च्या जानेवारीतली गोष्ट. परतताना गाडीत माझ्या लेकीनं सहज विचारलं, "आजी, तुला हुरडा आवडला का?" आई हसल्या. म्हणाल्या, "अगं, गरम हुरडा कसा लागतो ते मला कुठं ठाऊक आहे? माझ्यापर्यंत येतो तो ताटलीत, गार होऊन."

लग्नानंतर पन्नास वर्षं दर हिवाळ्याला ज्या घरात हुरडा होतो, त्या घरच्या थोरल्या बाईनं तो कधी गरम खाल्ला नव्हता! गाडीत कुणीच काही बोललं नाही. 'हे' मात्र बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

चूल बंद!

त्याच रात्री मी आणि जाऊबाईंनी ठरवलं. पुढच्या वर्षी शेतावर चूल पेटणार नाही. प्रत्येक घरानं एक पदार्थ घरून करून आणायचा. साधा, गार खाता येईल असा, हात धुऊन नुसत्या बोटांनी खाता येईल असा. आईंनी काही म्हणजे काही आणायचं नाही.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? मैत्रिणींनो, पहिल्या वर्षी आमची अशी काही फजिती झाली म्हणता! तीन घरांनी शेंगदाण्याची चटणी आणली. मीठ कुणीच आणलं नाही. आणि मी हौसेनं केलेली ओल्या खोबऱ्याची चटणी पुण्याहून पाच तास गाडीच्या डिकीत उकडून पार आंबून गेली. डबा उघडला आणि पुन्हा घट्ट लावला. दीर म्हणालेच, "वहिनी, त्यापेक्षा आईचं पिठलंच बरं होतं!" आई उठून चुलीकडे निघाल्या, तर माझ्या लेकीनं त्यांचा पदर धरून ठेवला.

तेव्हा एक गोष्ट मात्र पक्की कळली. बाहेर नेण्याचा पदार्थ आणि घरात पानावर वाढायचा पदार्थ यांचं शास्त्र वेगळं.

काय न्यावं, काय नेऊ नये

आपल्या आज्यांना ते शास्त्र पाठ होतं. प्रवासाला निघताना त्या पोळी नाही, दशमी करायच्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलेली दशमी मऊ राहते आणि जास्त टिकते. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, सुकी चटणी, मुरलेलं लोणचं ही सगळी शिदोरीची माणसं. पाणी कमी असलेला, तळलेला-भाजलेला, तिखट, आंबट किंवा गोड पदार्थ टिकतो. ओलं खोबरं, शिजवलेला कांदा-बटाटा, उसळी, दुधाची मिठाई हे पदार्थ लवकर दगा देतात.

आजचं शास्त्रही तेच सांगतं. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा लाडका टप्पा. शिजवलेलं ओलसर अन्न या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवू नये. ऊन 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास धरायचा. म्हणून आमच्याकडे आता तीन नियम आहेत. पहिला, गरम पदार्थ डब्यात भरून लगेच झाकण लावायचं नाही. वाफ धरली की पाणी सुटतं. पूर्ण निवू द्यायचा. दुसरा, डबे डिकीत नाही, पायाशी सावलीत. आणि काकडी, कोशिंबिरीचं सामान तिथे पोचल्यावरच चिरायचं. तिसरा, वर्तमानपत्रात काही गुंडाळायचं नाही. छपाईची शाई अन्नाला लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही त्याबद्दल 2016 मध्येच बजावलं आहे. स्वच्छ सुती फडकं किंवा केळीचं पान यासारखं दुसरं काही नाही.

आमची यादी आता ठरून गेली आहे. जाऊबाईंच्या गुळाच्या दशम्या, नणंदेची चटणी, धाकट्या दिरांचा दहीभात आणि आमच्याकडून रेवड्या, गूळ, ताक आणि (आठवणीनं!) मीठ. हो, दहीभात दीर स्वतः करतात. 'आईचं पिठलं बरं होतं' म्हणणाऱ्यालाच आम्ही हे काम दिलं! पहिल्या वर्षी भात खिमट झाला, दुसऱ्या वर्षी मोकळा. आता त्यांच्या भाताची सगळे वाट बघतात.

दिरांचा दहीभात : 2 वाट्या जुना तांदूळ अंमळ जास्त पाणी घालून मऊ शिजवायचा. परातीत काढून डावेनं मोडायचा. कोमट झाला की 3 वाट्या तापवून कोमट केलेलं दूध आणि फक्त 2 चमचे ताजं दही घालून कालवायचा. वर तूप, जिरं, हिंग, सुकी लाल मिरची, कढीपत्ता यांची फोडणी. सकाळी निघताना दूधभात असतो, दुपारी जेवायच्या वेळी वाटेतच त्याचं दही झालेलं असतं. आंबट होत नाही, कोरडाही पडत नाही. मीठ आणि डाळिंबाचे दाणे वाढताना.

जाऊबाईंच्या दशम्या : पाऊण वाटी किसलेला गूळ अर्धी वाटी कोमट दुधात विरघळवायचा. दूध कडकडीत असेल तर गुळानं फाटतं, म्हणून कोमटच. त्यात 2 वाट्या कणीक मावेल तशी, 2 चमचे तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ आणि चमचाभर भाजलेले तीळ. घट्टसर भिजवून अर्धा तास ठेवायचं. जाडसर लाटून मंद आचेवर तूप सोडून भाजायच्या. गूळ लवकर करपतो, तेव्हा तव्यापाशी फोनवर बोलायचं नाही!

नणंदेची चटणी : 2 वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, निववून, अर्धीमुर्धी सालं काढायची. 10-12 लसूण पाकळ्या तव्यावर कोरड्याच परतून घ्यायच्या, म्हणजे ओल कमी होते. 2 चमचे लाल तिखट, 1 चमचा जिरं, मीठ. खलबत्त्यात कुटली तर दाण्याचं तेल सुटून चटणी एकजीव होते. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवायचा.

आणखी एक चूल

सगळं असं छान जमून आलं आणि दोन-तीन वर्षांनी आईंनीच आम्हाला पुन्हा गप्प केलं. त्या आगटीपाशी सतरंजीवर बसल्या होत्या. समोर शेत वाट्यानं करणाऱ्या काकांच्या मंडळी कणसं भाजत होत्या. धूर डोळ्यांत जात होता. चोळून चोळून तळहात लाल झाले होते. चोळलेला हुरडा आमच्या ताटल्यांत पडत होता. आई म्हणाल्या, "सूनबाई, माझी चूल तुम्ही बंद केलीत. हिची कोण करणार?"

खरं सांगते, मान खाली गेली. आम्ही घरचं काम हलकं केलं ते आमच्या घरच्या बायकांचं. राबणारी बाई फक्त बदलली होती.

त्या दिवसापासून आगटी 'ह्यां'नी आणि भाच्यांनी ताब्यात घेतली. पहिल्या खेपेला निम्मी कणसं कोळसा झाली. मावशी (मुलं त्यांना तेच म्हणतात) पोट धरून हसल्या. "असं खुपसू नका दादा, फिरवत राहा!" असं सतरंजीवर बसून सांगायला लागल्या. आता त्या येतात ते पाहुण्या म्हणून. त्यांच्या घरचा एक डबाही पंगतीत असतो, लसणीच्या पातीचा झुणका आणि कडक भाकरी. आणि तो पहिला संपतो.

निघताना हातात काय?

कुणाच्या शेतावर जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचंही नाही, ही आपली रीत. पूर्वी मी विकतच्या मिठाईचा पुडा न्यायची. आता घरून काहीतरी करून नेते. खर्च कमी आणि घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद वेगळाच. संक्रांत जवळ असतेच, तेव्हा तिळगुळाच्या वड्या हव्यातच.

2 वाट्या तीळ भाजून जाडसर कुटायचे. त्यात 1 वाटी दाण्याचं कूट आणि अर्धी वाटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस. कढईत चमचाभर तुपावर 2 वाट्या साधा गूळ वितळवायचा. पाण्यात थेंब टाकला की त्याची मऊ गोळी व्हायला हवी. गॅस बंद करून सगळं मिश्रण आणि वेलची घालून झटपट कालवायचं, तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि गरम असतानाच वड्या कापायच्या. गोळी कडक झाली तर वड्या दातांची परीक्षा घेतात!

बरणीतली भेट द्यायची असेल तर दोन-चार गोष्टी सांभाळा. काचेची बरणी गरम पाण्यानं धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. पाण्याचा एक थेंब महिनाभराची मेहनत घालवतो. बरणीवर चिठ्ठी चिकटवा : पदार्थाचं नाव, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचा आणि त्यात दाणे, तीळ किंवा दूध आहे का. दाण्याची किंवा तिळाची अॅलर्जी असणारी माणसं असतात आणि ती जिवावर बेतू शकते. घरात मधुमेही कुणी असेल तर गोडाऐवजी मेतकूट, सुकी चटणी किंवा भाजलेली जवसाची चटणी द्या. आणि कच्चा लसूण तेलात बुडवून त्याची बरणी भेट देण्याच्या फंदात पडू नका. हवा न लागणाऱ्या त्या तेलात, बाहेरच्या उष्णतेत घातक विष तयार होण्याचा धोका असतो, आणि ते वासानं किंवा चवीनं कळत नाही.

थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे चमचे आपल्या राज्यात 2018 पासून बंद आहेत. तशीही शेतात पत्रावळ आणि द्रोणच शोभतात. निघताना ते गोळा करून खतखड्ड्यात टाकायचं काम आमच्या मुलांचं.

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. तेव्हा ज्वारीचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळालं. आईंना मी ते वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "ज्वारीचं कौतुक झालं ते चांगलं. भाकरी थापणारीचं कधी होणार?"

तर मैत्रिणींनो, या हिवाळ्यात हुरड्याला जा, अलिबागकडे पोपटीला जा, नाहीतर जवळच्या बागेत सतरंजी पसरा. पदार्थ साधेच करा. पण यादी करताना पदार्थांच्या आधी माणसांची नावं लिहा, आणि प्रत्येक नावापुढे एक काम. पुरुषांच्या आणि मुलांच्या नावापुढेसुद्धा. ज्या बाईच्या नावापुढे दरवर्षी तीन-तीन कामं असतात, तिची जागा यंदा कोरी सोडा.

आमच्या चूलबंदीच्या पहिल्या वर्षी, त्या सगळ्या फजितीत, 'ह्यां'नी पहिलं कणीस स्वतः चोळून आईंच्या हातावर ठेवलं होतं. आईंनी फुंकर मारायच्या आधीच दाणे तोंडात टाकले आणि "अगं बाई, भाजलं!" म्हणून ओरडल्या. पाणी मागितलं. मग लगेच म्हणाल्या, "पाणी नको. हुरड्यावर पाणी पीत नाहीत. आणखी दे."