अर्धवट भाजलेली कॉफी

कॉफीचे कच्चे दाणे आणून ते घरींच भाजण्याची हौस अलीकडे शहरांतील कांहीं घरांत शिरली आहे. चिकमगळूर व कोडगू येथील हिरवट दाणे आतां टपालानेंही घरपोंच मिळतात. एक जाड लोखंडी कढई, लांब दांड्याचें उलथणें आणि पावशेर दाणे एवढ्या सामग्रीवर काम भागतें. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा; पण तेवढा वेळ भाजणाऱ्यानें चुलीपासून हलतां कामा नये. आणि नेमका त्याच वेळीं गॅसचा सिलिंडर संपतो, किंवा विजेच्या यंत्रांत दाणे फिरत असतांना वीज जाते.

अशा वेळीं पुष्कळांची समजूत अशी असते कीं, विस्तव गेला म्हणजे भाजणेंही थांबलें. आतां सावकाश दुसरा सिलिंडर जोडावा आणि राहिलेलें काम पुरें करावें. ही समजूतच नडते. तापलेली कढई बराच वेळ उष्णता सोडीत राहते, आणि ढवळणारा हात थांबल्यामुळें ती तळच्या दाण्यांना एकाच अंगानें लागते. वरचे दाणे निवतात, खालचे करपतात. विजेच्या यंत्रांत तर याहून वाईट प्रकार होतो. विजेबरोबर तेथील पंखा बंद पडतो, फिरतें पिंप थांबतें, आणि दाणे तापलेल्या पत्र्यावर निमूटपणें पडून राहतात. शिवाय दाण्यांवरून सुटलेला चंदेरी पापुद्रा आंत सांचलेला असतो. तो कागदासारखा हलका, आणि कागदासारखाच चटकन् पेट घेणारा.

म्हणून अशा प्रसंगीं कारण शोधीत बसूं नये. यंत्राची कळ बंद करावी, म्हणजे वीज परत आल्यावर तें आपोआप सुरू होणार नाहीं. आणि दाणे लगेच बाहेर काढून रुंद चाळणींत किंवा परातींत पसरावे व वारा घालावा. आंत ज्वाळा दिसल्यास मात्र यंत्र उघडूं नये. कढईनें पेट घेतल्यास तिच्यावर झांकण घालावें. पाणी ओतूं नये.

दाणे निवल्यावर मग त्यांची परीक्षा. कच्च्या दाण्यांत शेंकडा १० ते १२ भाग पाणी असतें, आणि आरंभीची बरीचशी उष्णता तें घालविण्यांतच खर्च होते. दाणा हिरव्याचा पिवळा होतो, वाळल्या गवताचा वास जाऊन भाजत्या पावाचा वास येऊं लागतो. पुढें दाण्याचें तापमान सुमारें १९५ अंश सेंटिग्रेड झालें म्हणजे लाह्या फुटल्यासारखा आवाज होतो. ही पहिली फूट. सुमारें २२५ अंशांवर दुसरी फूट होते. तिचा आवाज बारीक आणि घाईचा, फोडणींत मोहरी तडतडावी तसा.

दाणे नुकतेच पिवळे पडलेले असतांना खंड पडला आणि मिनिट-दोन मिनिटांत विस्तव परत मिळाला, तर फारसें बिघडत नाहीं. पहिली फूट चांगली सुरू होऊन गेल्यावर खंड पडला, तरीही चिंता नको. ती हलकी भाजलेली कॉफी झाली, आणि कित्येक शौकीन मुद्दाम तेथेंच थांबतात. खरी पंचाईत मधल्या अवस्थेची. रंग तपकिरी झाला आहे, पण फूट ऐकूं आली नाहीं, आणि दाणे निवून गेले आहेत! ते पुन्हां भाजतां येतात. मात्र त्यांतील पाणी आधींच गेलेलें असल्यामुळें रंग लवकर चढतो आणि फुटीचा आवाज क्षीण येतो. तेथें कानावर भरंवसा ठेवूं नये, नाक व डोळे यांवर ठेवावा. अशा कॉफीची चव सपाट, पावासारखी लागते. ती गेलेली चव दुसऱ्या भाजण्यानें परत येत नाहीं.

डोळ्यांची खात्री पटत नसल्यास तराजू आहेच. २०० ग्रॅम कच्च्या दाण्यांचे १८० ग्रॅमहून अधिक भरले, तर ते बहुधा कच्चेच आहेत. तसले चिवट दाणे हातगिरणींत घालूं नयेत, गिरणीच मोडावयाची. १७५ च्या आसपास हलकें भाजलें गेलें, १७० ला मध्यम, १६० ला गडद.

सपाट उतरलेला घाणा फेंकून देण्याचें मात्र कारण नाहीं. काळ्या कॉफींत त्याचा दोष उघडा पडतो. पण आपल्याकडील जायफळ घातलेली दुधाची कॉफी फार क्षमाशील आहे. थोडी चिकोरी मिसळल्यास पाहुण्यांस शंकाही येत नाहीं. फक्त तो डबा निराळा ठेवावा. चांगल्या घाण्यांत मिसळल्यास दोन्ही घाणे वायां जातात.