रेनकव्हर पुरेसं नसतं!
गेल्या सप्टेंबरात रतनगडाहून कात्राबाई खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडाला निघालो. सकाळी कडक ऊन, दुपारी धुकं, संध्याकाळी धो धो पाऊस. मुक्कामी पाहतो तर मित्राची स्लीपिंग बॅग चिंब. सॅकला रेनकव्हर असूनही!

पाणी पाठीकडून शिरतं. म्हणून सॅकमध्ये आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, मग सामान भरा.

कपड्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी. सकाळी जिवावर आलं तरी ओलेच चढवा.

जीन्स, सुती टी-शर्ट नकोत. सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाऱ्यात अंग गारठतं.

जड सामान पाठीलगत, मध्यावर. विंडचीटर, हेडटॉर्च, शिट्टी, गूळ-शेंगदाणे हाताशी, वरच्या कप्प्यात.

तुमची सॅक किती किलोंची होते? काही अडलं तर बिनधास्त विचारा.