सर्वांत मोठी मूळ संख्या? तशी नसतेच

ऑक्टोबर २०२४ पासून एक वाक्य ऐकून कान किटले आहेत: ‘जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली म्हणे!’ पुण्यातल्या आमच्या कर्वेनगरात गणिताच्या क्लासना तोटा नाही, आणि पालकांबरोबर शिकवणारेही हे बिनदिक्कत सांगतात. ज्यांच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते ते महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचेच प्राध्यापक होते. निदान इथे तरी हे खपू नये.

सापडली ती आजवर माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी. शोध लावणाऱ्या ‘गिम्प्स’ प्रकल्पाच्या निवेदनाच्या मथळ्यातच ‘ज्ञात’ असं स्पष्ट लिहिलंय. पण निवेदन वाचतो कोण?

मूळ संख्यांना शेवट नाही, हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वीच सिद्ध केलं. मूळ संख्यांची हवी तेवढी लांब यादी घ्या. सगळ्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा. यादीतल्या कुठल्याही संख्येने भागा, बाकी १ उरणार. म्हणजे या नव्या संख्येचा मूळ अवयव यादीबाहेरचाच. इथे हुशार मुलं घाई करतात: ‘मग नवी संख्या मूळच असणार!’ छे. २×३×५×७×११×१३+१ = ३००३१, आणि ३००३१ = ५९×५०९. दोघेही यादीत नव्हते, युक्लिडला तेवढंच हवं होतं.

शिवाय एकाहून मोठी कुठलीही संख्या घ्या, ती आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये एक तरी मूळ संख्या असतेच. एकोणिसाव्या शतकात चेबिशेव यांनी ते सिद्ध केलंय. म्हणजे ‘सर्वांत मोठी’च्या दुपटीच्या आतच तिला मागे टाकणारी बसली आहे, फक्त कोणाला गवसलेली नाही.

ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक लिहिलात, तर जेवणझोप सोडून ४७५ दिवस. तरी तिचा शेवटचा अंक तोंडी निघतो. २ च्या घातांचे एकक २, ४, ८, ६ असे फिरतात. घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणून एकक २. त्यातून १ गेला, उरला १.

आता किरकोळ गैरसमज. घातांक मूळ असला की अशी संख्या मूळच? नाही: २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, म्हणजेच २३×८९. या शोधाने बँकेचे व्यवहार सुरक्षित होतात? त्यासाठीच्या आरएसए या कूटलेखन पद्धतीत साधारण तीनशे अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त लागतात. गावभर झालेली काय कामाची? मूळ नाही हे कळलं की अवयवही कळतात? २ चा ६७ वा घात वजा १ मूळ नाही, हे ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं. अवयव १९०३ मध्ये कोल यांनी दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. गुणून पाहा.