परिचर्येचे विद्यार्थी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : अभिवृत्तिमापनाचा एक प्रश्न

एखाद्या विषयासंबंधी मनुष्याच्या मनाचा जो अनुकूल अथवा प्रतिकूल कल असतो, त्यास मानसशास्त्रात अभिवृत्ती अशी संज्ञा आहे. अभिवृत्तीचे मापन करता येते हे थर्स्टन याने १९२८ साली प्रतिपादिले; आणि विधानाशी असलेली सहमती पायरीपायरीने नोंदवून घेण्याची सुलभ रीत लिकर्ट याने १९३२ साली दिली. आरोग्यसेवेत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश झाल्यापासून परिचर्येच्या विद्यार्थ्यांची तिच्याविषयीची अभिवृत्ती याच रीतीने तपासली जात आहे.

या कामी शेपमन व रॉडवे यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेली मापनश्रेणी उपयोगी पडते. तीत एकंदर २० विधाने असून त्यांपैकी १२ अनुकूल व ८ प्रतिकूल आहेत. मात्र दोहोंचे गुण एकत्र करून एकच बेरीज काढू नये, असा कर्त्यांचा अभिप्राय आहे. त्याचे कारण उघड आहे. यंत्र उपयुक्त आहे आणि यंत्र चुकू शकते, ही दोन्ही मते एकाच मनात नांदू शकतात. त्यास वैचारिक गोंधळ म्हणता येणार नाही. किंबहुना ते विवेकाचे लक्षण होय.

तथापि येथे एक अडचण उद्भवते. मापनश्रेणी विचारते ते सामान्य कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. विद्यार्थ्याची गाठ पडते ती रुग्णकक्षातील एका विशिष्ट यंत्रणेशी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातील अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. सेप्सिस या प्राणघातक विकाराची पूर्वसूचना देणारी एक यंत्रणा अनेक रुग्णालयांत वापरात होती. तिची तेथे झालेली तपासणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ३८,४५५ रुग्णप्रवेशांपैकी २,५५२ मध्ये सेप्सिस आढळला. त्यांपैकी १,७०९ यंत्रणेच्या नजरेतून निसटले. उलट तिने ६,९७१ प्रवेशांत इशारा दिला होता. म्हणजे खरा ठरलेला इशारा सुमारे आठांत एक, आणि निसटलेले रोगी तीनांत दोन.

आता या यंत्रणेविषयी परिचारिकेची अभिवृत्ती कशी असावी? यंत्र मूक आहे म्हणून जी निश्चिंत राहील, तिच्या हातून त्या तीनांतील दोघांची उपेक्षा होईल. इशारे बहुधा खोटे असतात म्हणून जी सर्वच दुर्लक्षील, तिच्याकडून उरलेला तिसराही दुरावेल. खाटेजवळ उभी असते ती परिचारिका. रुग्णाचा बदललेला श्वास अथवा त्याची भ्रमिष्ट नजर प्रथम तिलाच दिसते. सारांश, येथे अनुकूल अभिवृत्ती हे उत्तर नव्हे आणि प्रतिकूल हेही नव्हे.

म्हणूनच विद्यार्थ्यांची अनुकूलता वाढविणे हे ज्या अभ्यासाचे उद्दिष्ट, त्याचे साध्यच तपासून घ्यावयास हवे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात आरोग्य व परिचर्या माहितीशास्त्र हा विषय समाविष्ट केला आहे. तेथे यंत्राच्या वापराबरोबरच त्याचा सल्ला पारखण्याचे शिक्षण द्यावयाचे, तर मापनाची रीतही तदनुरूप असली पाहिजे. विद्यार्थ्यांपुढे रुग्णांची वृत्ते ठेवावीत. काहींत यंत्राचा सल्ला बरोबर असावा, काहींत चूक. आणि कोणता सल्ला कोणत्या कारणास्तव स्वीकारला वा नाकारला, याची नोंद घ्यावी. अभिवृत्तीच्या गुणांशेजारी हे निर्णयाचे गुण मांडले, तरच विद्यार्थ्याचा विश्वास डोळस आहे की अंध, हे कळून येईल.