वय, स्त्रीपुरुषभेद आणि वंश : वैद्यकासंबंधी काही रूढ गैरसमज

खानदेशातील असोद्यासारख्या गावात, जेथे भरिताच्या वांग्याचे किंवा कपाशीचे बी घेताना ते काळ्या जमिनीत उतरलेले आहे की मुरमाड रानात, याची पुरती चौकशी केल्यावाचून शेतकरी दुकानदाराच्या हाती पैसा ठेवीत नाही, तेथेच औषधाची गोळी मात्र, ती कोणत्या माणसांवर पारखून बाजारात आली असा प्रश्न मनातही न आणता घेतली जाते. या विश्वासाच्या मुळाशी एक समजूत आहे. मनुष्यदेह म्हणजे सर्वत्र एकच यंत्र असून जे एकाला लागू पडते ते सर्वांना लागू पडलेच पाहिजे, अशी ती समजूत होय. माणसामाणसांतील समतेच्या तत्त्वाशी ती जुळणारी असल्यामुळे ती सुशिक्षितांनाही पटते. परंतु समता हक्कांची असते, मूत्रपिंडांची आणि यकृतांची नसते; आणि हा भेद नजरेआड झाल्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत स्त्रिया, वृद्ध आणि आपल्या सातपुड्यातील आदिवासी यांचा क्रम वरचा आहे.

औषधांची पारख स्त्रीपुरुष दोघांवर सारखीच होत आली असेल, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके अपंग जन्मास आल्याचे 1961 साली उघडकीस आले आणि त्या आघाताची आठवण ताजी असतानाच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1977 मध्ये अशी सूचना काढली की, गर्भधारणा संभवणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळावे. हेतू संरक्षणाचा होता, यात शंका नाही. परंतु चाचणीतून वगळलेली स्त्री औषधाच्या सेवनातून काही वगळली गेली नाही, आणि पुरुषांच्या देहावर ठरविलेली मात्रा तिच्या वाट्यास येत राहिली. 1993 मध्ये ते धोरण बदलले आणि सरकारी पैशाने चालणाऱ्या संशोधनात स्त्रियांचा समावेश तेथे कायद्याने आवश्यक ठरला. ॲस्पिरिनने पहिला हृदयाघात टळतो, हा निष्कर्ष 1989 साली ज्या विख्यात अभ्यासातून निघाला, त्यातील 22,071 डॉक्टर यच्चयावत पुरुष होते. पुढे सुमारे चाळीस हजार स्त्रियांवर तसाच प्रयोग करण्यात आला, तेव्हा 2005 मध्ये असे दिसून आले की, स्त्रियांत त्या गोळीने पक्षाघाताचे प्रमाण काहीसे घटते, पहिल्या हृदयाघाताचे मात्र एकंदरीत घटत नाही. झोल्पिडेम ही झोपेची गोळी स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते आणि सकाळी वाहन चालविण्याच्या वेळीही तिचा अंमल रक्तात उरतो, हे ध्यानात घेऊन स्त्रियांसाठी तिची मात्रा निम्मी करण्याचा हुकूम निघाला तो 2013 मध्ये, म्हणजे ती बाजारात येऊन दोन दशके लोटल्यावर.

हृदयविकार हा पुरुषांचा आणि तोही उतारवयातील रोग, ही समजूत याच्याच जोडीची आहे. छातीतील कळ हे स्त्रीपुरुष दोघांतही मुख्य लक्षण असले, तरी स्त्रियांत धाप लागणे, पाठीत वा जबड्यात दुखणे, मळमळणे, अकारण गळून जाणे ही लक्षणे अधिक वेळा आढळतात, आणि घरातील माणसे त्यांना पित्त किंवा अशक्तपणा असे नाव देऊन मोकळी होतात. वयाविषयी म्हणाल, तर बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात पहिल्या हृदयाघाताचे मध्यम वय दक्षिण आशियाई लोकांत 53 वर्षे आणि इतरत्र सुमारे 59 वर्षे निघाले. आपल्याकडे घरचा कर्ता पुरुष मुलांची लग्नकार्ये उरकण्याच्या आधीच या रोगाच्या टप्प्यात येतो, हा त्याचा अर्थ.

बायकांच्या दुखण्याविषयी आणखी एक समज इतका खोल रुतलेला आहे की, त्याला गैरसमज म्हणण्याचेही कोणाला सुचत नाही. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे हे बाईच्या जन्माला लागलेलेच आहे, त्याची दवाखान्यात वाच्यता कशाला करावयाची, असे बायका बायकांनाच सांगतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात शंभरांतील 92 स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे आढळले होते, आणि तत्पूर्वी कोणाकडूनही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या आठ होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार जवळजवळ सर्वस्वी बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन खात्यांतच होत असे. रोग नव्हते असे नाही. ते कोणी विचारले नव्हते, म्हणून सरकारदप्तरी त्यांची नोंद नव्हती.

आता वंशाकडे वळू. ‘मी काही लठ्ठ नाही, मला मधुमेह कुठला होणार’ हे वाक्य खानदेशात पारावर जितक्या वेळा ऐकू येते, तितक्याच वेळा ते मनुष्याचा घात करते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच दोन छायाचित्रे छापली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही 22.3, म्हणजे पुस्तकाप्रमाणे दोघेही सडपातळ. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या देहात 21.2 टक्के. तराजूला दोन्ही देह सारखे वाटले. आतला ऐवज मात्र दुपटीहून अधिक निराळा होता. हा फरक तारुण्यातील खाण्यापिण्यानेच पडतो असेही नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून चाललेल्या गर्भवती मातांच्या अभ्यासात असे दिसले की, तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो होते. आपली बालके हाडामांसाने पुष्कळच उणी होती, पण त्वचेखालच्या चरबीत ती तितकी उणी नव्हती. त्याच मातांपैकी सुमारे दोनतृतीयांश मातांत ब-12 या जीवनसत्त्वाची उणीव होती. माझ्या मते, महाराष्ट्राच्या मातीत झालेल्या वैद्यकीय संशोधनात याहून अधिक दूरवर प्रकाश टाकणारे काम विरळा आहे. कारण मधुमेहाचा उगम साठीत नव्हे, तर आईच्या उदरात शोधावा लागतो, हे त्याने जगापुढे ठेविले. आशियाई लोकांसाठी वजन-उंचीच्या निर्देशांकाची सावधगिरीची रेषा पंचविसावरून तेविसावर आणावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केली तीही 2004 मध्येच.

सिकलसेल या रक्ताच्या रोगाविषयीचे गैरसमज अधिक दुःखदायक आहेत, आणि ते आपल्या दाराशी आहेत. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तरेस, शिरपूर आणि साक्रीकडे, आणि 1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिल्ल आणि पावरा यांची वस्ती आहे. या मुलुखातील आदिवासींत या रोगाचा शोध घेण्याचे काम डॉ. सुदाम काटे यांनी अनेक दशके केले आणि 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रक्तातील तांबड्या पेशीच्या प्रथिनात एका ठिकाणचा एक घटक बदलतो, आणि प्राणवायू कमी पडताच गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहावीस दिवसांत फुटते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे हाडांत जी कळ उठते, तिने धट्टाकट्टा पोरगा जमिनीवर लोळतो.

हा रोग आफ्रिकेचा, असे 1910 साली शिकागोत त्याचे पहिले वर्णन झाल्यापासून दीर्घकाळ मानले गेले. भारतात तो निलगिरीच्या डोंगरात 1952 मध्ये आढळला. आज आपल्याकडे ‘तो आदिवासींचा रोग’ असे म्हणतात, तेही तितकेच अपुरे आहे. ज्या प्रदेशांत हिवताप पिढ्यान्‌पिढ्या नांदला तेथे हा दोष टिकून राहिला, कारण आईबापांपैकी एकाकडूनच तो आलेला असल्यास हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणून तो ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे आणि विदर्भातील अनेक बिगर-आदिवासी समाजांतही आहे. त्याचा नकाशा हिवतापाने आखलेला आहे, जातीने नव्हे; आणि आडनाव पाहून तपासणी टाळणारा डॉक्टर त्या नकाशाबाहेरच्या रुग्णावर अन्याय करतो.

दुसरा गैरसमज सुनेच्या माथी येतो. मूल सतत आजारी पडू लागले की दोष तिच्या रक्ताचा, असे ठरते. वास्तविक हा रोग होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही दोष यावा लागतो. दोघेही वाहक, म्हणजे एकाच बाजूने दोष आलेले, असतील, तर प्रत्येक खेपेस मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याचा चारांत एक. मुलगा-मुलगी हा भेद येथे नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हेही तितकेच ठासून सांगितले पाहिजे. वाहकाने वाहकाशी लग्न करण्यापूर्वी विचार करावा, एवढेच काय ते.

तिसरी गोष्ट वयाची. आरोग्यकेंद्रात नळीतील द्रवात रक्ताचा थेंब मिसळतात आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसतात की द्रव गढूळ होऊन त्या झाकल्या जातात, हे पाहतात. ही तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. परंतु सहा महिन्यांच्या आतील बालकात ती विश्वासार्ह नसते, कारण गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन तेव्हा त्याच्या रक्तात पुष्कळ असते. त्याच कारणाने तोपर्यंत लक्षणेही सहसा उमटत नाहीत. शिवाय रेघा झाकल्या गेल्या तरी माणूस वाहक की रोगी हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी करावीच लागते.

आणि उपचार? हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा गुण अमेरिकेत 1995 मध्ये प्रौढ रुग्णांत सिद्ध झाला, आणि सोसवेल तितकी मात्रा वाढवीत नेण्याची तिकडे रीत पडली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ बालकांवर चाचणी करून 2012 मध्ये दाखविले की, दर किलो वजनास दहा मिलिग्रॅम एवढ्या अल्प आणि ठरीव मात्रेनेही आपल्या मुलांची दुखणी लक्षणीय घटतात. मात्रा वाढविताना वारंवार रक्ततपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालणे ज्या कुटुंबास परवडत नाही, त्याला या एका निष्कर्षाने किती दिलासा मिळाला असेल, याची कल्पना सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर जाऊन आलेल्या माणसासच येईल. आपल्या माणसांवर, आपल्या मुलांवर संशोधन का व्हावे, याचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

वृद्धांविषयी थोडक्यात. ऐंशीनंतर रक्तदाबाच्या गोळ्या कशाला, असे मुलेच म्हणतात. कारण चाचण्यांतून वृद्धांना गाळण्याची रूढी असल्याने डॉक्टरांजवळही पुष्कळ वर्षे पुरावा नव्हता. ऐंशीपुढील 3,845 रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष 2008 मध्ये आला, आणि उपचाराने एकूण मृत्यू 21 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उलट, वयाबरोबर मूत्रपिंडाची शक्ती मंदावत असल्याने चाळिशीतली मात्रा ऐंशीत तशीच चालू ठेवणे धोक्याचे असते.

मात्र वंशाचे नाव घेताना तारतम्य हवे. अमेरिकेत मूत्रपिंडाची कार्यशक्ती मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णांसाठी एक निराळा गुणक होता; त्यामुळे त्यांची मूत्रपिंडे आहेत त्याहून बरी दिसत आणि उपचारास विलंब होई. 2021 मध्ये तज्ज्ञांनी तो गुणक रद्द केला. वंश ही पुष्कळदा हिवतापाची, आहाराची, गरिबीची आणि दवाखान्यापर्यंतच्या अंतराची ढोबळ खूण असते. ती खूण म्हणजेच कारण मानले की शास्त्राचा पूर्वग्रह होतो.

शेवटी एक भीती राहते : चाचणीत नाव घालणे म्हणजे जिवावर प्रयोग करवून घेणे. पूर्वी आपल्या देशात गरिबांच्या बाबतीत गैरप्रकार झाले आहेत, म्हणून ही भीती निराधार म्हणता येत नाही. तथापि 2019 च्या नियमांप्रमाणे नीतिसमितीची मंजुरी, समजून दिलेली लेखी संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि नुकसानभरपाई ही आता कायद्याची बंधने आहेत, आणि मधेच बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. तो हक्क माहीत करून घ्यावा, संमतिपत्र मराठीत मागावे, आणि मग निर्णय करावा. देशव्यापी सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले असून चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी मुलामुलींनी ती करून घ्यावी. आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर आपले खरे वय, चालू असलेल्या सर्व गोळ्या, गरोदरपण, आईबापांची दुखणी ही माहिती, न विचारताही, सांगावी. घरातल्या बायकांनीही सांगावी, आणि पुरुषांनी त्यांना ती सांगू द्यावी.