नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका आभासी यंत्राच्या आत दुसरा हायपरव्हायजर चालवून त्याच्या आधारे आणखी आभासी यंत्रे निर्माण करण्याची पद्धत होय. सामान्य आभासीकरणात हायपरव्हायजर प्रत्यक्ष संगणकावर चालतो आणि त्यावर पाहुण्या कार्यप्रणाली चालतात. नेस्टेड पद्धतीत पाहुणाच पुन्हा यजमान होतो. मेघसंगणन, सॉफ्टवेअरची चाचणी, संगणक सुरक्षेचे संशोधन आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रात्यक्षिके या क्षेत्रांत तिचा विशेष उपयोग होतो.

== पातळ्या ==

प्रत्यक्ष प्रोसेसरचा ताबा असलेल्या हायपरव्हायजरला 'एल०' असे संबोधतात. त्यावर चालणाऱ्या आभासी यंत्रातील हायपरव्हायजर हा 'एल१' आणि त्याच्या आत चालणारे आभासी यंत्र हे 'एल२' होय. तात्त्विकदृष्ट्या ही उतरंड कितीही उंच रचता येते. व्यवहारात मात्र दोन पातळ्यांपुढे क्वचितच कोणी जाते. एल१ला आपण खऱ्या यंत्रावरच आहोत असे वाटले पाहिजे, ही या रचनेची मूलभूत अट आहे.

== इतिहास ==

ही कल्पना व्यक्तिगत संगणकापेक्षा जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात १९६० च्या दशकात सिस्टीम/३६० मालिकेसाठी सीपी-४० आणि त्यानंतर सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या. पुढील सिस्टीम/३७० मालिकेतील आभासी स्मृतीची सोय असलेले यंत्र हाती येण्यापूर्वीच तिच्यासाठीचे सॉफ्टवेअर लिहावयाचे होते. तेव्हा सीपी-६७ची एक सुधारित आवृत्ती सीपी-६७च्याच आभासी यंत्रात चालविण्यात आली आणि तिने अद्याप अस्तित्वात नसलेल्या ३७० यंत्राचा आभास निर्माण केला. त्या आभासी ३७० यंत्रावर नवी प्रणाली चालवून पाहिली जाई. या कामातून आलेली व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासीकरणास योग्य अशा संगणक रचनेच्या अटी गणिती स्वरूपात मांडल्या. त्यांचे दुसरे प्रमेय पुनरावर्ती आभासीकरणाविषयी आहे. यंत्र आभासीकरणास योग्य असेल आणि कालमापनावर अवलंबून नसलेला हायपरव्हायजर त्यासाठी रचता येत असेल, तर ते यंत्र पुनरावर्ती आभासीकरणासही योग्य ठरते, असा त्याचा आशय आहे. पाहुण्याला घड्याळाकडे पाहून आपली पातळी ओळखता येते, हे त्या काळीच लक्षात आले होते, असे या अटीवरून दिसते.

घरोघरी पोहोचलेला एक्स८६ प्रोसेसर या कसोटीस उतरत नव्हता. त्याच्या काही आज्ञा यंत्राच्या संवेदनशील स्थितीला स्पर्श करीत, परंतु विशेषाधिकार नसलेल्या प्रोग्रामने त्या दिल्या तरी प्रोसेसर हायपरव्हायजरला सावध करीत नसे. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये आज्ञांचे चालू अवस्थेत भाषांतर करून ही अडचण ओलांडली. इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही ही सोय प्रोसेसरमध्येच आणली. मात्र या दोन्ही रचनांत प्रोसेसर एकच हायपरव्हायजर ओळखत असे. एका आत दुसरा बसविण्याचे काम सॉफ्टवेअरवरच राहिले.

== कार्यपद्धती ==

एल२मधील कार्यप्रणालीने हायपरव्हायजरच्या मदतीशिवाय पूर्ण होऊ न शकणारी आज्ञा दिली की, प्रोसेसर तिला थांबवून ताबा हायपरव्हायजरकडे देतो. या घटनेस 'एक्झिट' म्हणतात. प्रोसेसरला केवळ एल० ठाऊक असल्याने प्रत्येक एक्झिट प्रथम एल०कडेच जाते, जरी तिचे उत्तर देण्याचा अधिकार एल१चा असला तरी.

हे समजण्यासाठी इचलकरंजीतील यंत्रमागांच्या शेडची कल्पना करता येईल. विजेचे मीटर आणि मुख्य स्विच शेडमालकाच्या ताब्यात आहेत. त्याने जागा एका यंत्रमागधारकास भाड्याने दिली आणि त्या भाडेकरूने तीतील काही माग मजुरीवर विणणाऱ्या एखाद्या खर्चीवाल्यास पोटभाड्याने दिले. आता पोटभाडेकरूस विजेचे काही काम निघाले, तर घंटा मालकाकडे वाजते. पण पोटभाडेकरूशी करार मालकाचा नाही. म्हणून मालक भाडेकरूस बोलावतो. भाडेकरूचा समज असा की, आपणच मालक आहोत. तो निवांतपणे मीटर वाचावयास जातो, स्विच खाली करतो, फ्यूज बदलतो. त्याच्यासमोरील मीटर आणि स्विच खरे नसल्याने त्याच्या प्रत्येक हालचालीसरशी मालकाकडील घंटा पुन्हा वाजते. पोटभाडेकरूच्या एका कामासाठी मालकास अनेक वेळा उठावे लागते.

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमधील मंदगतीचे मुख्य कारण हेच आहे. एल२ची एक एक्झिट हाताळताना एल१ स्वतः अनेक विशेषाधिकारी आज्ञा देतो आणि त्यांतील प्रत्येक आज्ञा एल०कडे नवी एक्झिट घडवून आणते. याला एक्झिटचे गुणन म्हणता येईल. तिसरी पातळी चढविली की हा गुणाकार आणखी वाढतो; उतरंड दोनवरच थांबते ती यामुळे.

इंटेलच्या रचनेत प्रत्येक आभासी यंत्राची स्थिती व्हीएमसीएस नावाच्या नियंत्रण नोंदीत ठेवलेली असते. एल० स्वतः एल१साठी एक नोंद ठेवतो. एल१ आपल्या समजुतीने एल२साठी दुसरी नोंद तयार करतो, परंतु तीत लिहिलेले स्मृतीचे पत्ते एल१च्या आभासी जगातील असल्याने प्रोसेसरला ती जशीच्या तशी वापरता येत नाही. म्हणून एल० दोन्ही नोंदी एकत्र करून तिसरी नोंद रचतो आणि प्रत्यक्षात एल२ तिच्यावरच चालतो. एल१ला या तिसऱ्या नोंदीचा पत्ताही नसतो. २०१३ मध्ये आलेल्या हॅसवेल पिढीपासून इंटेलने एल१ला आपल्या नोंदीची छायाप्रत थेट वाचू-लिहू देण्याची सोय केली आणि बऱ्याच घंटा बंद झाल्या.

=== स्मृतीचे पत्ते ===

स्मृतीच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. साध्या आभासीकरणात पाहुण्याचा आभासी पत्ता आधी पाहुण्याच्या 'भौतिक' पत्त्यात आणि मग यजमानाच्या खऱ्या भौतिक पत्त्यात रूपांतरित होतो. दोन्ही कोष्टके चार-चार पातळ्यांची असतील, तर सर्वांत वाईट परिस्थितीत एका पत्त्यासाठी स्मृतीचे २४ संदर्भ घ्यावे लागतात. नेस्टेड पद्धतीत रूपांतरे तीन आहेत, तर प्रोसेसर दोनच जाणतो. यावर उपाय म्हणून एल० हा एल१चे कोष्टक आणि स्वतःचे कोष्टक एकमेकांत मिसळून एकच कोष्टक बनवितो. मग तीनऐवजी दोनच रूपांतरे उरतात आणि प्रोसेसर नेहमीच्या वेगाने चालतो. एल१ने आपले कोष्टक बदलले की, हे मिश्रण मात्र पुन्हा करावे लागते.

== टर्टल्स प्रकल्प ==

एक्स८६वर नेस्टेड आभासीकरण व्यवहार्य आहे, हे निःसंशय दाखविण्याचे श्रेय प्रामुख्याने आयबीएमच्या हैफा (इस्रायल) येथील संशोधकांकडे जाते. मुली बेन-येहुदा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'टर्टल्स' या प्रकल्पाविषयीचा निबंध सादर केला. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायजरवर त्यांनी हे काम केले. वर सांगितलेले कोष्टकांचे मिश्रण आणि एल०कडील साधने थेट एल२च्या हाती देण्याची युक्ती ही त्यातील दोन प्रमुख तंत्रे होत. नेहमीच्या कार्यभारांसाठी त्यांची गती एका पातळीच्या आभासीकरणापेक्षा ६ ते ८ टक्केच कमी भरली. त्यानंतर हा विषय केवळ कुतूहलाचा राहिला नाही.

प्रकल्पाचे नाव पृथ्वी कासवाच्या पाठीवर, ते कासव दुसऱ्या कासवाच्या पाठीवर, अशी खाली सर्वत्र कासवेच असल्याच्या पाश्चात्त्य आख्यायिकेवरून घेतले आहे. ती आख्यायिका बहुधा भारतीयांच्या तोंडी घातली जाते. शेष आणि कूर्म यांच्या कथा ऐकलेल्या मराठी वाचकास मात्र कासवाखाली पुन्हा कासव ही कल्पना तितकीशी ओळखीची वाटणार नाही.

== उपलब्धता ==

केव्हीएमच्या एएमडीवरील भागात ही सोय आधी आली. इंटेलसाठीचा भाग २०११ मध्ये लिनक्सच्या मुख्य प्रवाहात सामील झाला, परंतु तो आपोआप चालू होण्यास डिसेंबर २०१८ मधील ४.२० ही आवृत्ती यावी लागली. मायक्रोसॉफ्टने हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून इंटेलसाठी आणि विंडोज सर्व्हर २०२२ व विंडोज ११ पासून एएमडीसाठी ही सोय दिली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती ६.० या आवृत्तीत एएमडीसाठी आणि ६.१ मध्ये इंटेलसाठी आली. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयच्या आत ईएसएक्सआय चालविणे ही प्रशिक्षणार्थींची जुनी रीत आहे. प्रत्यक्ष व्यवसायाच्या कामासाठी मात्र कंपनी तिची हमी घेत नाही. एआरएम प्रोसेसरच्या वास्तुरचनेत ८.३ या आवृत्तीपासून तिची तरतूद आहे.

सार्वजनिक मेघसेवांपैकी मायक्रोसॉफ्ट अझ्युर आणि गूगल क्लाउड यांनी २०१७ मध्ये ती ग्राहकांना खुली केली.

== उपयोग ==

मेघसेवेतील यंत्र हे स्वतःच आभासी असते. त्यावर अँड्रॉइडचा एम्युलेटर वेगाने चालवावयाचा असेल, प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र लहान आभासी यंत्र द्यावयाचे असेल किंवा विंडोजमध्ये लिनक्सची डब्ल्यूएसएल २ ही सोय हवी असेल, तर आतील यंत्रास पुन्हा आभासीकरणाची आवश्यकता भासते. हायपरव्हायजर लिहिणाऱ्यांना आपला प्रोग्राम कोसळला तरी खरे यंत्र बंद न पडता चाचणी घेता येते. सीपी-६७च्या काळातील उपयोग तो हाच. एका कंपनीच्या हायपरव्हायजरसाठी रचलेला यंत्रसमूह न बदलता दुसऱ्या कंपनीच्या मेघात हलविण्यासाठीही हे तंत्र वापरतात.

== सुरक्षा ==

या तंत्राचा पहिला गाजलेला उल्लेख धोक्याच्या संदर्भात झाला. २००६ मध्ये पोलिश संशोधिका जोआना रुत्कोव्स्का यांनी 'ब्लू पिल' हे प्रात्यक्षिक दाखविले. चालू असलेल्या कार्यप्रणालीच्या खाली गुपचूप एक पातळ हायपरव्हायजर सरकवून तिला तिच्या नकळत पाहुणी करण्याची ही युक्ती होती. अशा प्रणालीच्या वापरकर्त्याने स्वतःचा हायपरव्हायजर चालू केला, तर लपलेल्या हायपरव्हायजरला नेस्टेड आभासीकरण जमलेच पाहिजे, अन्यथा त्याचे बिंग फुटते.

सध्याचा अधिक व्यावहारिक धोका निराळा आहे. एल१ ज्या नोंदी लिहितो त्यांवर एल०ला विसंबावे लागते, आणि एल१ हा परका भाडेकरू असतो. २०२१ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटाने केव्हीएममधील सीव्हीई-२०२१-२९६५७ हा दोष उघड केला. एएमडीवरील नेस्टेड भागात एल० हा एल१च्या स्मृतीतील नियंत्रण नोंद आधी तपासत असे आणि नंतर तीच नोंद पुन्हा वाचत असे. या दोन वाचनांच्या मधल्या क्षणात एल१ने नोंद बदलली की, तपासणी निष्फळ ठरून पाहुण्यास यजमानापर्यंत पोहोचता येई. तपासणी आणि वापर यांच्यामधील फट हा संगणकशास्त्रातील जुनाच दोष आहे. नव्या पातळीने त्याला नवी जागा दिली. त्याच वर्षी एएमडीच्या नेस्टेड भागातील आणखी दोन दोष दुरुस्त झाले. ज्या यजमानावर अनोळखी ग्राहकांची यंत्रे आहेत आणि कोणासही या सोयीची गरज नाही, तेथे ती बंद ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

== स्थलांतराची मर्यादा ==

चालू आभासी यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर न थांबविता हलविता येते. एल१च्या पोटात जिवंत एल२ असेल, तर एल२ची अर्धवट स्थितीही सोबत न्यावी लागते. केव्हीएमच्या दस्तऐवजानुसार इंटेल यंत्रांवर हे लिनक्स ५.३ आणि क्यूईएमयू ४.२ पासून शक्य झाले. एएमडीवर मात्र एल१ने एल२ एकदा सुरू केल्यावर एल२ बंद होईपर्यंत एल१ हलवू अथवा जतन करू नये, अशी सूचना त्यात दिलेली आहे.

== अध्यापनातील वापर ==

मेघसंगणन शिकविताना हायपरव्हायजर स्थापित करणे, यंत्रांचा समूह रचणे, त्यातील एक यंत्र बंद पाडून परिणाम पाहणे अशी प्रात्यक्षिके करावी लागतात. त्यासाठी खरे सर्व्हर विकत घेणे लहान शहरांतील संस्थांना जड जाते. अभियांत्रिकी शिक्षण आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि त्याच गावात १९८२ मध्ये वस्त्रोद्योगाच्या शिक्षणासाठी निघालेल्या डीकेटीई संस्थेच्या टेक्स्टाईल अँड इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आज संगणक अभियांत्रिकीही शिकविली जाते. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यास एकाच संगणकात तीन-चार सर्व्हरांचे केंद्र उभे करता आले, तर जे एरवी केवळ पुस्तकात वाचावयाचे ते हाताने करून पाहता येते.

यासाठी प्रोसेसरपेक्षा स्मृतीची टंचाई आधी जाणवते. १६ जीबी स्मृतीच्या संगणकात मूळ कार्यप्रणालीस ४ जीबी ठेवून उरलेली १२ जीबी एल१ला दिली, आणि एल१ने स्वतःसाठी ४ जीबी राखली, तर प्रत्येकी ४ जीबीची दोनच एल२ यंत्रे बसतात. ८ जीबीच्या संगणकात ग्राफिक्स नसलेली लहान लिनक्स यंत्रे वापरण्यावाचून गत्यंतर नसते.

लिनक्सवर केव्हीएम वापरताना आभासी यंत्राच्या प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय उघड करावी लागते, उदाहरणार्थ त्याचा प्रकार 'होस्ट-पासथ्रू' असा निवडून, अन्यथा एल१ला ती सोय दिसतच नाही. विंडोजवर एक वेगळीच अडचण उद्भवते. अनेक नव्या संगणकांत सुरक्षेसाठी हायपर-व्ही आधीपासून चालू असतो, म्हणजे वापरकर्त्याचे विंडोज स्वतःच एका हायपरव्हायजरवर बसलेले असते. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरचा थेट ताबा मिळत नाही, तो हायपर-व्हीच्या मार्फत हळू चालतो आणि त्यातील नेस्टेड पर्याय उपलब्ध होत नाही. ही स्थिती दर्शविण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत तळाशी एक हिरवे कासव दिसते. हायपर-व्ही आणि त्यावर आधारलेल्या सुरक्षा सोयी बंद करून संगणक पुन्हा सुरू केल्यास कासव जाते. परंतु त्या सोयी बंद करणे म्हणजे संगणकाचे संरक्षण कमी करणे होय, हे प्रयोगशाळेच्या सामायिक संगणकांवर असा बदल करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे लागते. अशा ठिकाणी हायपर-व्हीच्याच आत प्रात्यक्षिके घेणे किंवा संगणक लिनक्सवरून सुरू करणे हे दोन मार्ग उरतात.